दीर्घिकांभोवतीचा अदृश्य वायुसाठा

एखाद्या तलावात पाणी किती आहे, त्यातून दरसाल उपसा किती होतो आणि पावसाळ्यात आवक किती होते, हे तीन आकडे हाती असले म्हणजे तो तलाव किती काळ पुरेल याचा हिशेब मांडता येतो. साठा दोन वर्षांचा आहे, आवकेची नोंद कोठेच नाही आणि तरीही तलाव गेली दहा वर्षे आटलेला नाही, असे आढळले तर हिशेब तपासणारा अधिकारी साहजिकच विचारील की, हे पाणी येते तरी कोठून? विश्वातील दीर्घिकांच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांपुढे असाच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडच्या दिव्यांचा आधार घ्यावा लागला. क्वासार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दिव्यांची आणि त्यांच्या उजेडात उमटलेल्या सावल्यांची ही हकीकत आहे.

तारे वायूपासून घडतात. हायड्रोजन आणि हेलियम यांचे विस्तीर्ण, थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसत जातात आणि त्यांच्या गाभ्यात तारे जन्माला येतात. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, ती आकाशगंगा दरवर्षी सरासरीने एक ते दोन सूर्य होतील इतक्या वायूचे ताऱ्यांत रूपांतर करते. तिच्या तबकडीत आज शिल्लक असलेला वायू काहीशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. साधा भागाकार केला, तर हा साठा काहीशे कोटी वर्षांत संपावयास हवा. परंतु आकाशगंगा हजार कोटींहून अधिक वर्षे तारे घडवीत आली आहे आणि पूर्वी तिचा हा वेग आजच्यापेक्षा जास्तच होता. म्हणजे खर्च चालू आहे, शिल्लक तुटपुंजी आहे, आणि तरीही दिवाळे निघालेले नाही.

या तुटीचा एक ठसठशीत पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनच्या अणूंपासून २१ सेंटिमीटर तरंगलांबीचे रेडिओ तरंग निघतात. दूरच्या एकेका दीर्घिकेकडून येणारे हे तरंग इतके क्षीण असतात की, ते वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर व जयराम चेंगलूर यांनी बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांसह ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांजवळ जो अणुरूप हायड्रोजन होता, तो बाहेरून भर पडली नसती तर अवघ्या १०० ते २०० कोटी वर्षांत संपला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. विश्वाच्या कालमानाने हा काळ अल्पच म्हटला पाहिजे.

तेव्हा दीर्घिकेबाहेर कोठेतरी वायूचा साठा असला पाहिजे, हे उघड होते. अडचण होती ती तो दिसण्याची.

विरळ वायू दिसत का नाही?

समुद्रसपाटीवरील एक घनसेंटिमीटर हवेत २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. दीर्घिकांच्या भोवती पसरलेल्या प्रभामंडलात मात्र एक अणू गाठण्यासाठी अनेक ठिकाणी लिटरभर जागा धुंडाळावी लागेल. काही ठिकाणी दहा लिटर. प्रयोगशाळेत पंपाने निर्माण केलेली उत्तमोत्तम निर्वात अवस्थाही याच्या तुलनेत दाटच ठरते.

असा वायू स्वतः प्रकाशतो तो मुख्यतः त्यातील कण एकमेकांवर आदळल्याने. कणांची दाटी दहापट कमी झाली, तर अशा टकरी शंभरपट कमी होतात. त्यामुळे प्रभामंडलाचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो आणि मोठ्या दुर्बिणीलाही तेथे काळोखच दिसतो. सावलीचा नियम मात्र वेगळा आहे. दिव्यासमोर वायूचा पडदा असेल तर त्याची सावली वाटेत भेटणाऱ्या अणूंच्या एकूण संख्येवर अवलंबून असते. दाटी दहापट घटली तर सावलीही दहापटच फिकट होते. शिवाय हा पडदा लाखो प्रकाशवर्षे जाडीचा असल्याने वाटेतील अणूंची बेरीज बरीच मोठी भरते. म्हणून जो वायू उजेडाने दिसत नाही, तो सावलीने ओळखता येतो. अट एवढीच की, त्याच्या मागे एखादा प्रखर दिवा हवा.

ही सावली साध्या काळोखाच्या रूपात पडत नाही. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू काही ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषून घेतात व बाकीचा जाऊ देतात. शाळेतील लोलकाप्रमाणे दुर्बिणीला जोडलेले उपकरण प्रकाशाचे रंग फाकवून त्यांचा पट्टा, म्हणजेच वर्णपट, तयार करते. वाटेत वायू असेल तर या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. त्यांना शोषण रेषा म्हणतात. हायड्रोजनच्या रेषा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या, मॅग्नेशियमच्या वेगळ्या. रेषांच्या जागेवरून मूलद्रव्य कोणते ते कळते आणि त्यांच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण काढता येते.

या पद्धतीचा पहिला ठळक उपयोग मृग नक्षत्रातील एका ताऱ्याने करून दिला. या नक्षत्राच्या मध्यभागी एका ओळीत असलेल्या तीन ताऱ्यांना आपल्याकडे बाण म्हणतात. त्यांपैकी पश्चिमेकडचा तारा वस्तुतः एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा समूह आहे. त्यामुळे त्याच्या वर्णपटातील रेषा काही दिवसांच्या अंतराने पुढे-मागे सरकतात. जर्मनीतील पोट्सडॅम येथे योहानेस हार्टमान यांना १९०४ साली असे आढळले की, त्या वर्णपटातील कॅल्शियमची एक रेषा मात्र या सरकण्यात सामील होत नाही. ती त्या ताऱ्याची नव्हतीच. ताऱ्याच्या आणि आपल्या दरम्यान पसरलेल्या वायूची ती सावली होती. ताऱ्यांमधील पोकळी रिकामी नाही, हे त्या एका स्थिर रेषेने सांगितले.

आकाशगंगेतील वायूसाठी मागचे तारे दिवा म्हणून पुरेसे होते. दूरच्या दीर्घिकांच्या परिसरासाठी त्यांच्याही पलीकडचा दिवा हवा होता, आणि तो सापडण्यास १९६३ साल उजाडावे लागले.

क्वासारचा शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर आकाशातील रेडिओ उगमांच्या याद्या तयार होऊ लागल्या. केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतील २७३ व्या क्रमांकाच्या उगमाचे नेमके स्थान कळत नव्हते. १९६२ साली चंद्र त्या उगमाच्या आड येणार होता. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीने सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ तरंग केव्हा थांबले व केव्हा पुन्हा सुरू झाले, याची अचूक नोंद घेतली. चंद्राच्या कडेचे स्थान त्या क्षणी कोठे होते ते ठाऊक असल्याने उगमाची जागा निश्चित झाली. तेथे दिसला एक साधा निळसर तारा.

कॅलिफोर्नियातील पालोमारच्या पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला. त्यातील रेषा कोणत्याच परिचित मूलद्रव्याशी जुळेनात. १९६३ च्या फेब्रुवारीत श्मिट यांच्या ध्यानी आले की, या हायड्रोजनच्याच रेषा आहेत. फक्त त्या सर्वच्या सर्व तांबड्या रंगाच्या दिशेने सुमारे शेकडा सोळाने सरकल्या आहेत. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या वस्तूंचा प्रकाश वाटेतच ताणला जातो आणि त्याची तरंगलांबी वाढते. या सरकण्यास ताम्रसृती म्हणतात. ज्या वस्तूची ताम्रसृती अधिक, ती अधिक दूर. या हिशेबाने तो ‘तारा’ दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही अधिक अंतरावर होता. इतक्या दुरून तो दिसतो याचा अर्थ त्याचे तेज शेकडो दीर्घिकांना मागे टाकणारे असले पाहिजे. अशा ताराभासी उगमांना पुढे क्वासार हे नाव पडले. दीर्घिकेच्या केंद्रातील अतिप्रचंड कृष्णविवरात पडणारा वायू तापून जो उजेड देतो, तोच क्वासारचा उजेड होय, हे आता सर्वमान्य आहे.

दूर असलेला, अतिशय तेजस्वी आणि आकाशात एका बिंदूएवढा: संशोधकांना हवा होता तो दिवा हाच.

एका पट्ट्यावर हजार कोटी वर्षांची नोंद

क्वासारच्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचण्यास कधी कधी हजार कोटींहून अधिक वर्षे लागतात. वाटेत त्याला एकामागून एक वायूचे अनेक ढग भेटतात आणि प्रत्येक ढग आपापली रेषा उमटवतो. या सर्व रेषा एकमेकींवर बसून गोंधळ व्हावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे होत नाही. हायड्रोजनची सर्वांत प्रमुख शोषण रेषा १,२१६ अँगस्ट्रॉमवर असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. ढगाने रेषा उमटवल्यानंतरही प्रकाशाचा प्रवास चालू राहतो आणि रेषेसकट तो ताणला जातो. जो ढग फार दूर आहे त्याची रेषा पुष्कळ सरकते, जवळच्या ढगाची थोडी. परिणामी प्रत्येक ढगाची रेषा पट्ट्यावर वेगळ्या ठिकाणी येते आणि तिच्या जागेवरून त्या ढगाचे अंतर काढता येते. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार जसे क्रमाने वाचता येतात, तसा हा पट्टा वाचता येतो. रॉजर लिंड्स यांनी १९७१ साली एका दूरच्या क्वासारच्या वर्णपटात अशा रेषांची दाटीच दाटी दाखवून दिली. शास्त्रज्ञ तिला लायमन-आल्फाचे अरण्य म्हणतात, आणि असा एखादा वर्णपट पाहिला की हे नाव किती चपखल आहे ते पटते.

ताणण्याचा आणखी एक लाभ आहे. १,२१६ अँगस्ट्रॉमचा प्रकाश जंबुपार असतो व तो पृथ्वीच्या वातावरणातून जमिनीपर्यंत येत नाही. फार दूरच्या ढगांची ही रेषा सरकत सरकत दृश्य प्रकाशात येते आणि जमिनीवरील दुर्बिणीला दिसते. जवळच्या दीर्घिकांसाठी मात्र दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. या गमतीच्या अडचणीमुळे संशोधकांना जवळच्या वायूपेक्षा दूरच्या वायूची ओळख आधी झाली.

हे ढग नेमके कोणाचे, यावर बराच वाद झाला. जॉन बाकॉल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९६९ साली असे मत मांडले की, पुष्कळशा शोषण रेषा वाटेतील दीर्घिकांच्या विस्तीर्ण प्रभामंडलांमुळे उमटत असाव्यात. दीर्घिकेची दिसणारी तबकडी लहान, पण तिच्याभोवतीचे वायूचे कवच कितीतरी मोठे, अशी त्यांची कल्पना होती. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हा वायू क्वासारनेच बाहेर फेकलेला आहे. वाटेतल्या दीर्घिकांशी त्याचा संबंध नाही. क्वासारची ताम्रसृती सर्वस्वी विश्वाच्या प्रसरणामुळेच असते काय, अशी मूलभूत शंकाही काही नामवंतांनी घेतली. त्यांत जेफ्री बर्बिज होते आणि डॉ. जयंत नारळीकरही होते.

वादाचा निकाल लावण्याचा मार्ग सरळ होता. शोषण रेषेची जी ताम्रसृती, तीच ताम्रसृती असलेली दीर्घिका क्वासारच्या शेजारी आकाशात दाखवून द्यावयाची. अलेक बोक्सेनबर्ग आणि वॉलेस सार्जंट यांनी १९७८ साली एका जवळच्या दीर्घिकेच्या बाबतीत कॅल्शियमची रेषा अशी जुळवून दाखविली. त्यानंतर १९८६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॅकलीन बर्जरॉन यांनी एका क्वासारच्या वर्णपटातील मॅग्नेशियमच्या रेषा शेकडो कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका अंधुक दीर्घिकेशी जुळविल्या. रेषांची ताम्रसृती ०.४३ होती आणि दीर्घिकेचीही तितकीच निघाली. पुढे अशा जोड्या वाढत गेल्या. क्वासारजवळून निघालेला वायूही असतो, परंतु मॅग्नेशियमच्या बहुतेक रेषांचा उगम दीर्घिकांच्या परिसरात आहे, हे मान्य झाले. बाकॉल आणि स्पिट्झर यांच्या भाकिताला त्यासाठी सतरा वर्षे थांबावे लागले होते.

विंधन विहिरी आणि भूजल

या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे. क्वासार हा बिंदूएवढा दिवा असल्याने त्याचा प्रकाश दीर्घिकेच्या प्रभामंडलातून एकाच सरळ रेषेत जातो. एका विंधन विहिरीवरून त्या जागी खडक कोठे लागला व पाणी किती खोल आहे ते कळते. सबंध तालुक्याच्या भूजलाविषयी त्यावरून काही बोलणे धाडसाचे ठरेल. त्यासाठी ठिकठिकाणच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. खगोलशास्त्रज्ञांनीही तेच केले. एका दीर्घिकेमागे बहुधा एकच योग्य क्वासार सापडतो. मग सारख्या स्वरूपाच्या अनेक दीर्घिका घ्यावयाच्या, कोणाच्या बाबतीत प्रकाश केंद्राजवळून गेला, कोणाच्या बाबतीत दुरून, हे पाहावयाचे आणि सर्वांच्या नोंदींवरून सरासरी चित्र उभे करावयाचे.

२००९ च्या मे महिन्यात अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीवर जंबुपार प्रकाशाचे वर्णपट घेणारे एक नवे, अतिशय संवेदनक्षम उपकरण बसविले. त्याच्या साहाय्याने जेसन टमलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ दीर्घिकांच्या परिसराची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्या दीर्घिकांत तारे घडत आहेत, त्यांच्याभोवती जवळजवळ सर्वत्र, केंद्रापासून सुमारे पाच लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत, आयनीभूत ऑक्सिजन आढळला. ज्या दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती थांबली आहे, त्यांच्याभोवती तो फारच कमी होता.

या निष्कर्षाचे महत्त्व ऑक्सिजनमुळे आहे. विश्वाच्या प्रारंभी हायड्रोजन, हेलियम व किंचित लिथियम एवढीच द्रव्ये होती. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो आणि ताऱ्याच्या अखेरच्या स्फोटात बाहेर फेकला जातो. तो दीर्घिकेच्या तबकडीपासून लाखो प्रकाशवर्षे दूर सापडतो, याचा अर्थ दीर्घिका आपल्या कारखान्यातील माल फार मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकीत असतात. प्रभामंडलातील एकूण वायू दीर्घिकेतील वायूपेक्षाही पुष्कळ अधिक असावा, असा अंदाज याच पाहणीतून पुढे आला. अर्थात, हा माल प्रभामंडलात कायम राहत नाही. त्यातील काही भाग थंड होऊन पुन्हा तबकडीत कोसळतो व नव्या ताऱ्यांत सामील होतो. आपल्या हाडांतील कॅल्शियम किंवा रक्तातील लोह सूर्याच्या जन्मापूर्वी अशी एखादी फेरी करून आले असण्याचा संभव नाकारता येत नाही.

पण सगळाच वायू असा परतलेला नसतो. काही ढगांत जड मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्यातील प्रमाणाच्या निम्म्यापर्यंत असते, तर काहींत ते शेकडा तीनहूनही कमी आढळते. हा दुसऱ्या प्रकारचा वायू ताऱ्यांच्या संपर्कात फारसा आलेलाच नाही. तो दीर्घिकांमधील अवकाशातून प्रथमच आत येत असावा. मिकेले फुमागाली, जॉन ओमेरा आणि झेवियर प्रोचास्का यांना २०११ साली हवाईतील केक दुर्बिणीच्या निरीक्षणांत असे दोन ढग सापडले की, ज्यांत कार्बन, ऑक्सिजन वगैरेंचा मागमूसही नव्हता. महास्फोटानंतर सुमारे २०० कोटी वर्षांचा तो काळ होता. तोवर अनेक ठिकाणी तारे जन्मून मेलेही होते, तरी हे ढग जसेच्या तसे कोरे राहिले होते.

वायू कोणत्या वाटेने जातो व कोणत्या वाटेने येतो, याचाही काहीसा उलगडा झाला आहे. ग्लेन कॅकप्रझाक आदी संशोधकांना २०१२ च्या सुमारास असे दिसले की, मॅग्नेशियमच्या रेषा दीर्घिकेच्या तबकडीच्या पातळीत आणि तिच्या काटकोनात, म्हणजे वर व खाली, अधिक आढळतात; मधल्या दिशांना कमी. वरखाली जाणारा वायू हा बाहेर फेकला जाणारा आणि पातळीतून येणारा हा आत ओढला जाणारा असावा, असा त्याचा अर्थ लावण्यात येतो. हा अर्थ बराच ग्राह्य वाटतो. तथापि एकेका रेषेवरून वायू आत येत आहे की बाहेर जात आहे हे ठरविणे दूरच्या दीर्घिकांच्या बाबतीत अजूनही कठीणच आहे.

एकच दीर्घिका अनेक क्वासारांनी तपासण्याची संधी आपल्या शेजारी मात्र मिळते. शरद ऋतूत गावाकडच्या अंधाऱ्या आकाशात देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनीही पुसट ठिपक्यासारखी दिसते. ती सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे. निकोलस लेनर आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने तिच्या आसपासच्या ४३ क्वासारांचे वर्णपट तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार देवयानीचे प्रभामंडल सुमारे १३ लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत, आणि काही दिशांना २० लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत पसरले आहे. ते डोळ्यांना दिसू शकले असते, तर सप्तर्षींच्या रुंदीच्या तिप्पट जागा त्याने व्यापली असती. आकाशगंगेलाही असेच प्रभामंडल आहे. तेव्हा या दोन दीर्घिकांची भेट होण्यास कोट्यवधी वर्षे असली, तरी त्यांच्या वायूच्या कडा एव्हाना एकमेकींना भिडलेल्या असणे शक्य आहे.

वायूचा तापमापक

या शोषण रेषा वायूच्या प्रमाणापलीकडेही बरेच सांगतात. पुण्याच्या आयुका या संस्थेतील आर. श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतीजाँ व सेड्रिक लेडू या सहकाऱ्यांसह चिलीमधील अतिविशाल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००० साली एक महत्त्वाचे मापन प्रसिद्ध केले. सारे विश्व एका क्षीण सूक्ष्मतरंगी प्रारणाने भरलेले आहे आणि आज त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. विश्व प्रसरण पावत असेल, तर पूर्वी हे तापमान अधिक असले पाहिजे. ताम्रसृती २.३४ असलेल्या, म्हणजे सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीच्या, एका ढगातील कार्बनचे अणू किती प्रमाणात उत्तेजित अवस्थेत आहेत हे क्वासारच्या वर्णपटावरून मोजण्यात आले. त्यावरून तेथील प्रारणाचे तापमान ६ ते १४ अंशांच्या दरम्यान असल्याचे निघाले. महास्फोटाच्या सिद्धांतानुसार ते ९.१ अंश असावयास हवे होते. आयुकाचे त्या वेळचे संचालक डॉ. नारळीकर हे स्वतः या सिद्धांताचे आयुष्यभर टीकाकार राहिले, आणि त्याला बळ देणारे हे मापन त्यांनीच उभारलेल्या संस्थेतून झाले, ही गोष्ट विज्ञानाच्या रीतीविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

क्वासारांच्या प्रकाशावरील काम या संस्थेत पुढेही चालू राहिले आहे. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट या ६४ तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीने शोषण रेषांची जी मोठी पाहणी हाती घेण्यात आली, तिचे नेतृत्व आयुकातील नीरज गुप्ता यांच्याकडे आहे. दृश्य प्रकाश धुळीने अडतो, रेडिओ तरंग अडत नाहीत. त्यामुळे धुळीआड लपलेला थंड वायूही या पाहणीत सापडू शकतो. दरम्यान दिव्यांची संख्याही वाढली आहे. श्मिट यांच्या वेळी क्वासार बोटांवर मोजता येत होते. एका अमेरिकन आकाश-सर्वेक्षणाच्या २०२० च्या यादीत त्यांची संख्या साडेसात लक्ष भरली.

आकाशगंगेचा ताळेबंद

प्रारंभी मांडलेल्या हिशेबाकडे परत येता येईल, कारण निदान आपल्या दीर्घिकेपुरते त्यातील काही आकडे आता हाती आले आहेत. आपण आकाशगंगेच्या आतच असल्याने कोणत्याही दिशेच्या क्वासारचा प्रकाश तिच्या प्रभामंडलातून गाळून आपल्याकडे येतो. वाटेतील ढग आपल्या दिशेने येत असेल तर त्याची रेषा जांभळ्या रंगाकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. त्यामुळे आवक आणि जावक येथे वेगवेगळ्या ओळखता येतात. अँड्र्यू फॉक्स आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने घेतलेल्या क्वासारांच्या वर्णपटांतून वेगवान ढगांची अशी विभागणी केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबानुसार आकाशगंगेत दरवर्षी सुमारे अर्ध्या सूर्याइतका वायू येतो आणि सूर्याच्या सुमारे एक षष्ठांशाइतका बाहेर जातो.

आवक जावकेपेक्षा जास्त आहे, ही समाधानाची बाब खरी. परंतु ताऱ्यांच्या निर्मितीचा वार्षिक खर्च एक ते दोन सूर्यांचा आहे. वेगवान ढगांखेरीज मंद गतीने उतरणारा वायूही असणार आणि तो तबकडीतील वायूच्या गतीत मिसळून गेल्याने या रेषांतून वेगळा काढता येत नाही. उरलेली तूट त्यातून भरून निघत असावी, की आकाशगंगा आपल्या शिलकीतून खर्च करू लागली आहे, याचा शोध आता चालू आहे.